आखलेले रस्ते, वाटलेली जमीन : जयपूर नगराची घडण

जुन्या नगरांचा इतिहास सांगताना आपण बहुधा राजवाडे, देवळे, वेशी आणि बुरूज यांच्याविषयी बोलतो. परंतु वाडे पडतात, तट ढासळतात, वेशी वाहतुकीला अडचण म्हणून पाडल्या जातात. टिकून राहतो तो रस्ता. ज्या जमिनीवर एकदा रस्ता पडला आणि ज्या जागेच्या चतुःसीमा एकदा ठरल्या, तेथे घरे तीनतीनदा नव्याने उभी राहिली तरी त्या रेषा सहसा हलत नाहीत. रस्त्यावर साऱ्या गावाचा वहिवाटीचा हक्क असतो आणि चतुःसीमेवर शेजाऱ्याचे बारीक लक्ष असते. राजाच्या आज्ञेपेक्षाही हे दोन पहारेकरी अधिक जागरूक असतात. म्हणूनच एखादे नगर कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने वसवले हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या कळसांकडे पाहण्याआधी त्याच्या रस्त्यांकडे आणि जमिनीच्या वाटणीकडे पाहावे. अठराव्या शतकात आखून वसवलेले जयपूर हे याचे आपल्या देशातील उत्तम उदाहरण होय.

जयपूरच्या आधी कछवाहा राजांची राजधानी आंबेर येथे होती. अरवलीच्या डोंगरांत, अरुंद खोऱ्यात वसलेले आंबेर संरक्षणाच्या दृष्टीने उत्तम होते. पण राजधानीच्या वाढीला तेथे जागा नव्हती आणि पाण्याचीही ओढ होती. सवाई जयसिंह लहान वयातच आंबेरच्या गादीवर आला. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगल सत्ता खिळखिळी होत चालली होती आणि उत्तरेतील प्रत्येक राज्याला आपल्या भवितव्याचा विचार करणे भाग पडले होते. डोंगरातील गढी लढाईच्या दिवसांत आसरा देते, पण व्यापाराला बोलावत नाही, हे जयसिंहाने ओळखले. आंबेरच्या दक्षिणेला डोंगर संपतात आणि सपाट मैदान सुरू होते. तेथे 'जयनिवास' नावाची बाग व शिकारीच्या वेळचा मुक्काम आधीपासून होता. त्या बागेच्या भोवती नवी राजधानी वसवण्याचा निर्णय झाला आणि १८ नोव्हेंबर १७२७ रोजी तिची पायाभरणी झाली.

या कामात राजाचा उजवा हात होता विद्याधर भट्टाचार्य. तो मूळचा बंगाली ब्राह्मण, राज्याच्या हिशेब खात्यातून वर आलेला अधिकारी. नगररचनेचे श्रेय हिशेबनिसाकडे जावे याचे नवल वाटू नये. नगर वसवणे हे जितके शिल्पशास्त्राचे काम आहे, तितकेच ते मोजणीचे, वाटपाचे आणि नोंदीचे काम आहे. गिरधारी नावाच्या कवीने १७३९ मध्ये रचलेल्या 'भोजनसार' या काव्यात राजाने विद्याधराला दिलेल्या आज्ञेचे वर्णन येते. जयनिवास नगराच्या आत यावा आणि नगरात पुष्कळ चौक असून त्यांवर दुकाने असावीत, असा तिचा आशय आहे. नव्या राजधानीविषयीच्या आज्ञेत चौक आणि दुकाने यांना असा मान मिळावा, यातच या नगराचा स्वभाव कळून येतो.

आखणीला आरंभ झाला तो जमिनीच्या उतारापासून. मैदानात पूर्व-पश्चिम जाणारा एक हलकासा उंचवटा आहे. नगराचा मुख्य रस्ता याच उंचवट्यावरून नेण्यात आला. पूर्वेला सूरजपोल, पश्चिमेला चांदपोल आणि दोहोंमध्ये सुमारे दोन मैलांचा सरळ मार्ग, अशी ही रेषा. उंचवट्यावरचा रस्ता म्हणजे पाणलोटाची रेषा. पावसाचे पाणी तिच्या दोन्ही अंगांना, उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे, आपोआप वाहून जाते. रस्त्याची दिशा खऱ्या पूर्व-पश्चिमेपासून सुमारे पंधरा अंशांनी कललेली आहे. आकाशातील ग्रहताऱ्यांची स्थिती सूक्ष्मपणे मोजणाऱ्या जयसिंहाला दिशा साधता आली नसेल, असे कोणी म्हणणार नाही. त्यामुळे या कलाचे कारण काही जण ज्योतिषात शोधतात, तर काही जण या उंचवट्यात आणि सभोवारच्या डोंगरांत. नगराच्या नऊ चौकड्यांचा संबंध शिल्पशास्त्रातील नऊ चौकटींच्या मंडलाशी अनेकांनी जोडला आहे. पण वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आल्याने ती आकृती जमिनीवर जशीच्या तशी उतरली नाही, हे नकाशा पाहताच ध्यानात येते. ग्रंथाचा आदर राखावा आणि जमिनीचे ऐकावे, हा व्यवहारी शहाणपणा या आखणीत दिसतो.

मुख्य रस्त्याला दक्षिणोत्तर जाणारे मोठे रस्ते काटकोनात छेदतात आणि छेदाच्या जागी चौरस मोकळे पटांगण सोडलेले आहे. त्याला 'चौपड' म्हणतात. आपल्याकडच्या सोंगट्यांच्या पटाची फुली डोळ्यांसमोर आणली की या नावाचा अर्थ लगेच उलगडतो. रामगंज चौपड, बडी चौपड आणि छोटी चौपड अशा तीन चौपडी एका ओळीत येतात. तेथे पाण्याची कुंडे बांधून त्यांत दुरून पाणी खेळवले होते. भाजीवाला, पाणी भरणारी स्त्री, परगावचा व्यापारी आणि देवदर्शनाला निघालेला गृहस्थ यांची गाठ पडावी अशी ही जागा होती. रस्त्यांच्या रुंदीलाही पायऱ्या होत्या. राजमार्ग सुमारे १११ फूट रुंद, त्याखालचा रस्ता ५५ फूट, त्याखालचा २७ आणि घरांच्या दारी जाणारी गल्ली साडेतेरा फूट. प्रत्येक पायरीवर रुंदी साधारण निम्मी होत जाते. नवखा माणूसही पायाखालच्या रुंदीवरून ओळखू शके की आपण बाजारात आहोत, मोहल्ल्यात आहोत की कोणाच्या दारात.

या मोठ्या रस्त्यांनी कापलेले जमिनीचे तुकडे म्हणजे चौकड्या. पुरानी बस्ती, तोफखाना देश, मोदीखाना, विश्वेश्वरजी, घाट दरवाजा, तोफखाना हुजुरी, रामचंद्रजी, गंगापोल आणि मधली सरहद अशी त्यांची नावे आहेत. राजवाडा, गोविंददेवजींचे मंदिर, वेधशाळा आणि बाग ही सारी सरहद चौकडीत आली. बाकीच्या चौकड्यांत नागरिकांची वस्ती झाली. येथे राज्यकर्त्यांनी एक महत्त्वाची मर्यादा पाळली. मोठ्या रस्त्यांच्या कडेची दुकाने राज्याच्या देखरेखीखाली एकाच नमुन्याने बांधली गेली. त्यांची उंची, कमानी आणि समोरची रेषा ठरलेली होती. दुकानांच्या ओळीमागे मात्र जागा वाटून दिल्या गेल्या आणि तेथे ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे व गरजेप्रमाणे हवेली बांधली. म्हणून आजही जयपूरचे बाजार कवायतीला उभ्या राहिलेल्या पलटणीसारखे दिसतात, तर त्यांच्यामागच्या गल्ल्या वळत, थबकत, घरांना बिलगत जातात. राजाने आपली रेषा रस्त्यापाशी थांबवली आणि पुढचे काम घरमालकांवर सोपवले. जयपूरच्या यशाचे अर्धे मर्म या थांबण्यात आहे.

हवेलीची रचनाही जागेच्या आकारातूनच आली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असताना उजेड आणि वारा आणायचा तर तो आतूनच आणावा लागतो. म्हणून घराच्या पोटात चौक आला. जागा मोठी असेल तर बाहेरचा चौक पुरुषमंडळींच्या व्यवहाराला आणि आतला चौक स्त्रियांच्या वावराला, अशी वाटणी झाली. आपल्याकडच्या वाड्यात वाढलेल्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्याला आपण घराण्याची रीत समजतो, तिच्यामागे कित्येकदा जमिनीच्या तुकड्याची लांबी-रुंदी असते.

नगर आखले तरी माणसे आल्याशिवाय ते वसत नाही. जयसिंहाने निरनिराळ्या प्रांतांतून सावकार, जवाहिरे आणि कारागीर यांना बोलावून जागा व सवलती दिल्या. जहागीरदारांनीही राजधानीत हवेल्या बांधाव्यात, अशी अपेक्षा होती. एकेका धंद्याची माणसे एकेका रस्त्याला वसली आणि त्यांची नावे रस्त्यांना चिकटली. बडी चौपडीपासून सांगानेरी दरवाजाकडे जाणारा तो जौहरी बाजार, लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा तो मणिहारांचा रास्ता, तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचा तो ठठेऱ्यांचा रास्ता. जयपुरात आतल्या गल्लीलाही 'रास्ता' म्हणतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. राजा गेला, राज्य विलीन झाले, परंतु मणिहारांच्या रास्त्यात बांगड्यांची भट्टी अजून पेटते.

विद्वानांनाही अशीच वसाहत मिळाली. तटाबाहेर वायव्येला डोंगराच्या पायथ्याशी ब्रह्मपुरी वसली. तेथील पौंडरिकांची हवेली आजही दाखवतात. जयसिंहाचे गुरू रत्नाकरभट्ट पौंडरिक हे महाराष्ट्रीय विद्वान होते. 'जयसिंहकल्पद्रुम' हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ त्यांचा. जयसिंहाच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट हेही महाराष्ट्रीयच. युक्लिडची भूमिती त्यांनी 'रेखागणित' या नावाने आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ 'सम्राटसिद्धान्त' या नावाने संस्कृतात आणला. ज्या दरबारात भूमितीचा ग्रंथ संस्कृतात उतरत होता, त्याच दरबारात जमिनीवर काटकोन आखले जात होते. महाराष्ट्राबाहेर जाऊन विद्येच्या बळावर मान मिळवणाऱ्या मराठी घराण्यांची परंपरा किती जुनी आहे, हेही यावरून दिसते.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. जागेची वाटणी ही केवळ मापाची गोष्ट नसते, ती प्रतिष्ठेचीही असते. रुंद रस्त्यावरची मोठी जागा धनिकाला मिळाली आणि कडेची लहान जागा कष्टकऱ्याला. एका जातीचे व एका धंद्याचे लोक एका गल्लीत वसल्याने त्यांना आधार मिळाला, कसब पिढ्यान्‌पिढ्या टिकले. पण त्याच गल्लीने त्यांच्या मुलांचा धंदाही ठरवून टाकला. जमिनीवरची रेषा मनातही उतरते आणि तेथून ती पुसणे अधिक कठीण असते.

तटबंदीच्या नगराचे आणखी एक रूप मराठ्यांनी अनुभवले. १७४३ मध्ये जयसिंह वारला आणि त्याच्या दोन पुत्रांत गादीसाठी कलह लागला. ईश्वरीसिंह गादीवर बसला, तर माधोसिंहाची बाजू मल्हारराव होळकरांनी उचलून धरली. थकलेल्या खंडणीच्या मागणीसाठी मराठी फौजा जयपूरवर चालून आल्या, तेव्हा डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. माधोसिंह गादीवर आला, पण नगराच्या मनात संताप धुमसत राहिला. जानेवारी १७५१ मध्ये मराठी लष्करातील पुष्कळ माणसे, नव्या नगराची ख्याती ऐकून, त्याचे बाजार आणि देवळे पाहण्यासाठी निर्धास्तपणे आत गेली. अचानक दंगल उसळली, वेशीचे दरवाजे बंद झाले आणि त्या सरळ, देखण्या रस्त्यांवर मराठ्यांची भीषण कत्तल झाली. ज्या रस्त्यांनी परक्या व्यापाऱ्याला हाताला धरून आत आणले, तेच रस्ते दरवाजे मिटताच सापळा झाले. खंडणीपायी एका राजाला मरणाच्या दारात लोटल्याचा दोष मराठी बाजूकडे येतो आणि बेसावध माणसांवर तुटून पडल्याचा नगराकडे. आखणी कितीही सुरेख असली, तरी ती सलोख्याची हमी देऊ शकत नाही. तो माणसांनीच राखावा लागतो.

आखलेल्या नगरांचा हा काळ केवळ आपल्याकडेच होता असे नाही. जयपूरच्या पंचेचाळीस वर्षे आधी, १६८२ मध्ये, विल्यम पेनच्या फिलाडेल्फिया नगराची आखणी अमेरिकेत झाली. टॉमस होम या मोजणीदाराने दोन नद्यांच्या मध्ये काटकोनी रस्त्यांचे जाळे मांडले. मधले दोन रस्ते १०० फूट, बाकीचे बहुतेक ५० फूट आणि पाच सार्वजनिक चौक. मोठाल्या जागा, प्रत्येक घराभोवती बाग, असे हिरवे नगर पेनच्या मनात होते. पण लोकांना बंदराजवळच राहायचे होते. त्यांनी नदीकाठच्या मोठ्या जागांचे तुकडे पाडले आणि मागच्या घरांना वाट हवी म्हणून आपापसांत समजुतीने गल्ल्या काढल्या. अठराव्या शतकाच्या आरंभी अशाच समजुतीतून निघालेली 'एल्फ्रेथ्स अ‍ॅली' ही गल्ली आजही नांदती आहे. पेनचे मोठे रस्ते टिकले, मोठ्या जागा टिकल्या नाहीत. राज्यकर्ता रस्ता आखू शकतो, पण जागेचे पुढे काय होणार हे त्यात राहणारेच ठरवतात. दोन खंडांतील या दोन नगरांनी दिलेली साक्ष एकच आहे.

आपल्या पुण्याची रीत या दोहोंहून निराळी. जयपूरचे मुख्य रस्ते वसाहतीआधीच आखले गेले. पुणे पेठेपेठेने वाढले. कसब्याभोवती शनिवार, रविवार, सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठा आल्या. पुढे सदाशिव, नारायण, नाना, रास्ता या व्यक्तींच्या व घराण्यांच्या नावांच्या पेठा आल्या. नवी पेठ वसवायची म्हणजे सरकारातून कौल द्यायचा, नव्याने येणाऱ्या व्यापाऱ्याला काही वर्षे करांत सूट द्यायची आणि पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे सोपवायचा. मुख्य रस्ते बहुधा दक्षिणोत्तर गेले. पण त्यांची रुंदी एकसारखी राहिली नाही, कुठे कोणाचा ओटा पुढे आला तर कुठे कोणाची भिंत. रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे तंटे तोडणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक काम होते, यावरून ते किती होत असतील याची कल्पना येते. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणून पेठांतील हौदांत सोडले. जयपूरच्या चौपडीवर जे काम कुंडांनी केले, ते येथे हौदांनी केले. जयपुरात आधी रेषा आणि मग माणूस. पुण्यात आधी माणूस आणि मग रेषा. एकीत शिस्त अधिक, दुसरीत जुळवून घेण्याची वृत्ती अधिक. कोणती श्रेष्ठ, हा वाद पुणेकरांसमोर काढण्यात अर्थ नाही.

जयपूरवर पुढच्या काळाने पुष्कळ नवे संस्कार केले. १७९९ मध्ये प्रतापसिंहाने हवामहाल बांधला. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या निमित्ताने रामसिंहाने नगराला गुलाबी रंग दिला आणि जगाने त्या रंगावरूनच नगर ओळखायला सुरुवात केली. रंग मात्र नगरानंतर दीडशे वर्षांनी आला. नगराचे खरे रूप त्याआधीच जमिनीवर कोरलेले होते. दरम्यान हवेल्यांत कुटुंबे वाढली, भावाभावांत वाटण्या झाल्या, एका चौकाभोवती पाचपाच बिऱ्हाडे आली, खाली गोदाम आणि वर कारखाना झाला. ही गोष्ट कोणत्याही जुन्या नगरातल्या जुन्या घराची आहे. तरीही रस्त्याची रेषा सहसा कोणी ओलांडली नाही, कारण समोरच्या कमानींच्या ओळीत एक कमान जरी पुढे आली तरी ती डोळ्यांत भरते. शिस्त डोळ्यांना दिसेल अशी असली की ती पाळणे सोपे जाते.

२०१९ मध्ये जयपूरच्या तटाच्या आतील नगराचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. वारसा म्हटला की रंगरंगोटी आणि दिव्यांची रोषणाई पुढे येते. पण जपायचे आहे ते रंगापेक्षा खोलवरचे. बाजारामागची वस्ती उठून तेथे केवळ गोदामे उरली, हवेल्यांचे चौक छत घालून बुजले, आतल्या रास्त्यांतून माणसाला चालायला जागा राहिली नाही, तर गुलाबी दर्शनी भिंत म्हणजे नाटकाचा पडदा ठरेल. ज्या नगराचे मर्म राजाची रेषा आणि रहिवाशाचे घर यांच्या समजुतीत होते, त्यातून रहिवासी वजा झाला तर नुसत्या रेषा कोणासाठी राखायच्या?

या नगराच्या भूमीने अलीकडेच आपल्या जुन्या आखणीची आठवण करून दिली. मेट्रोसाठी चौपडींवर खोदकाम सुरू झाले तेव्हा मातीखाली गेलेली जुनी कुंडे उघडी पडली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांवरून माणसे ये-जा करीत होती, त्यांच्या पायांखाली जयसिंहाच्या काळच्या पाण्याची वाट तशीच झाकलेली होती. २०२० मध्ये चांदपोल ते बडी चौपड अशी भुयारी मेट्रो धावू लागली. तिच्या अभियंत्यांपाशी आधुनिक यंत्रे होती, मोजणीची नवी साधने होती. पण गाडीचा मार्ग आखताना त्यांनी निवडली ती हीच रेषा, जी विद्याधराने त्या उंचवट्यावरून नेली होती. वर बाजार, खाली गाडी आणि दोहोंचा मार्ग एकच. तीनशे वर्षांपूर्वी विचारपूर्वक ओढलेली एक रेषा अजूनही रोज हजारो माणसांना त्यांच्या कामावर, शाळेत आणि घरी पोहोचवते आहे.